गरनाळ्यापलीकडचं सुरत

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी 'शेजार' हा विषय दिला आणि एकच अट घातली, मुंबई-पुण्याच्या बाहेर जा. मी सुरतेचं तिकीट काढलं. मराठी वाचकाच्या मनात सुरतेच्या जागा ठरलेल्या आहेत: १६६४ आणि १६७० ची लूट, लग्नाच्या बस्त्याच्या साड्या, आणि अलीकडे जून २०२२ मध्ये महाराष्ट्राचे आमदार जिथे मुक्कामाला होते ते हॉटेल. यांतल्या कशातच न बसणारं एक सुरत रेल्वेच्या रुळांपलीकडे आहे. तिथे मेथीच्या जुडीवरून अहिराणीत घासाघीस चालते, कोपऱ्यावरचा किराणावाला मारवाडी असतो, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू ओडिशातल्या गंजामचे असतात आणि समोरच्या घरात तेलुगू बोललं जातं.

या भागाचं नाव लिंबायत. सुरत स्टेशन आणि उधना जंक्शन यांच्या मधोमध, रुळांच्या पूर्वेला. शहराच्या बाजूने इथे यायचं तर रुळांखालच्या बोगद्यातून यावं लागतं. सुरतेत त्याला गरनाळं म्हणतात. पावसाळ्यात ते भरतं आणि लिंबायत शहरापासून तुटतं. कोरड्या दिवसांत त्यातून रिक्षा, साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो, शाळेची मुलं आणि रातपाळी उरकून परतणारे कारीगर एकाच वेळी जायला बघतात. बाहेर आलं की नीलगिरी सर्कल, संजयनगर, पुढे गोडादरा, डिंडोली, नवागाम. बारा-पंधरा फूट रुंदीची, एकमेकांना खेटून उभी असलेली दोन-तीन मजली घरं, घरासमोरून थेट वर चढणारे लोखंडी जिने, आणि प्रत्येक जिन्याशी चपलांचा ढीग.

"कथाईन उनात, ताई?" पहिल्याच गल्लीत एका आजींनी विचारलं. मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी लगेच प्रमाण मराठी धरली आणि मला जरा वाईट वाटलं. त्यांचं माहेर अमळनेरकडचं, सासर शिंदखेड्याकडचं, आणि संसार सगळा सुरतेचा.

एका रुळाची वस्ती

लिंबायत समजून घ्यायचं तर आधी उधना जंक्शनच्या फलाटावर तासभर उभं राहावं. इथून एक फाटा पूर्वेला निघतो आणि तापीच्या खोऱ्यातून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत तीनशे किलोमीटरवर जळगावला पोचतो. ही जुनी ताप्ती व्हॅली रेल्वे. १९०० च्या सुमारास ती पूर्ण झाली तेव्हा हेतू होता खानदेशचा कापूस सुरतेच्या बाजूला आणण्याचा. पुढे कापसापेक्षा माणसंच जास्त आली.

खानदेशी माणूस सुरतेला का येतो याचं उत्तर नकाशातच आहे. नंदुरबारकराला मुंबई लांब, पुणे त्याहून लांब, आणि सुरत तीन-चार तासांवर. १९७२ च्या दुष्काळात कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर या गाडीत बसले. त्यानंतरच्या वर्षांत जळगाव, धुळे, अमळनेरच्या कापडगिरण्या थकत गेल्या, आणि सुरतेत कृत्रिम धाग्याचं कापड जोरात सुरू झालं. गिरणीत हात तयार झालेल्यांना सुरतेत नव्याने फारसं काही शिकावं लागलं नाही. एकजण आला, त्याने भावाला आणलं, भावाने मेव्हण्याला, आणि काही वर्षांत गावाची अर्धी आळी डिंडोलीत भेटायला लागली.

मात्र हा रूळ केवळ खानदेशचा नाही, आणि लिंबायतचं गुपित यात आहे. पुरीहून अहमदाबादला जाणारी गाडी ब्रह्मपूरला गंजामची माणसं घेते, नागपूर-भुसावळ करत याच फाट्याने सुरतेला उतरवते. चेन्नईहून येणारी नवजीवन एक्स्प्रेस वरंगळमार्गे तेलंगणातल्या विणकरांना याच वाटेने आणते. छपऱ्याहून निघणारी ताप्ती-गंगा उत्तर प्रदेश आणि बिहारच्या पोरांना घेऊन येते, तीही इथूनच. खानदेशी माणसाला ही सगळी माणसं सुरतेत प्रथम भेटतात असं आपण म्हणतो. खरं तर ती जळगावच्या पुढे जनरल डब्यातच भेटलेली असतात. बसायला दिलेली अर्धी जागा, पाण्याची बाटली, "सूरत में किधर?" हा प्रश्न. शेजाराची सुरुवात तिथे होते.

वाटेतलं नवापूर स्टेशन तर दोन राज्यांत आहे. एकाच फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत, आणि एका बाकाच्या मधोमध दोन राज्यांची हद्द रंगवलेली. लोक त्यावर बसून फोटो काढतात. गाडीतल्या नेहमीच्या प्रवाशांना त्याचं काही वाटत नाही. त्यांच्या संसाराची एक बाजू तिकडे आणि एक इकडे पिढ्यान्पिढ्या आहेच.

साडी किती भाषा ऐकते

सुरतेच्या रिंग रोडवरच्या मार्केटात आपण जी साडी बोटांनी चाचपतो ती तिथे पोचण्याआधी निम्मा भारत फिरून आलेली असते, आणि तेही सुरतेच्या आसपासच.

सुरुवात लूमच्या खात्यात होते. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या शेडमध्ये रांगेने संचे, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. आवाज इतका की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. इथे बहुतेक माणसं ओडिशाची, त्यातही गंजाम जिल्ह्याची. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. एक कारीगर एका वेळी अनेक संचे बघतो, कारण त्याशिवाय हिशेब जमत नाही. संच्यावरून उतरतं ते कोरं कापड, ज्याला इथे ग्रे म्हणतात. ते पांडेसरा, सचिन, पलसाणा या बाजूंच्या प्रोसेसिंग मिलमध्ये रंगायला आणि छापायला जातं. वाफ, रसायनं आणि ओल्या कापडाची ओझी इथे उत्तर प्रदेश-बिहारची पोरं वाहतात. तिथून ताके मार्केटला येतात. गादीवर बसलेले व्यापारी मारवाडी, सिंधी, पंजाबी, गुजराती. घडी घालणारे, पार्सल बांधणारे, टेम्पो चालवणारे यांत खानदेशी पुष्कळ. आणि मग साडी नटण्यासाठी घरोघर निघते. ते घर बहुतेक वेळा लिंबायत, डिंडोली किंवा नवागामातलं असतं.

मी ज्या घरी बसले तिथे सकाळी अकराला टेम्पोवाल्याने पोटलं टाकलं. पोटलं म्हणजे साड्यांचा गठ्ठा. घरातल्या वहिनींनी वहीत तारीख आणि नग लिहिले, त्याने सही केली आणि तो पुढच्या दाराशी गेला. या साड्यांवर यंत्राने भरतकाम झालेलं होतं. यंत्र एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाताना दोरा तोडत नाही, ओढत नेतं. त्यामुळे साडीच्या उलट बाजूला फुलाफुलांमध्ये मोकळ्या दोऱ्यांचं जाळं राहतं. ते कापायचं. कामाचं नाव धागा कटिंग. वहिनी भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसल्या, साडी मांडीवर पसरली, आणि लहान कातरीने एकेक दोरा मुळाशी छाटत गेल्या. डाव्या हाताची बोटं कापड ताणून धरतात, उजवा हात डोळ्यांच्याही पुढे चालतो. त्यांचं लक्ष गॅसवरच्या वरणाकडे होतं, माझ्या प्रश्नांकडे होतं, आणि तरी कातर एकदाही कापडाला लागली नाही. लागली तर साडीचा तोटा मजुरीतून वळता होतो.

शेजारच्या तेलुगू बाई टिक्की लावण्याचं काम करतात. मेंदीच्या कोनासारख्या कोनात गोंद भरलेला, त्याचा ठिपका द्यायचा आणि त्यावर चमकी टेकवायची. दुपारी त्या आपली साडी घेऊन वहिनींच्या ओट्यावर येतात, कारण या बाजूला उजेड जास्त. पलीकडची जौनपूरकडची सून लेस लावते. तिला शिलाई मशीन सोडून येता येत नाही, म्हणून ती आतूनच गप्पांत भाग घेते. या तिघींची आपसातली भाषा हिंदी आहे, पण ती हिंदी कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. त्यात 'वेराबिल' गुजराती, 'पोऱ्या' खानदेशी आणि 'अम्मा' तेलुगू. मुलाचा ताप, नळाची वेळ, कुठला ठेकेदार पैसे बुडवतो, सगळं या भाषेत नीट सांगता येतं.

ठेकेदाराबद्दलची माहिती ही या ओट्यावरची सर्वांत मोलाची देवघेव. दर नगावर ठरतो, व्यापारी आणि बाई यांच्या मध्ये एक-दोन माणसं असतात, आणि प्रत्येकाचा वाटा सुटल्यावर बाईच्या हाती उरतं ते फार थोडं. ना पीएफ, ना रजा, ना कामाचा कागद. हंगाम असला की मध्यरात्रीपर्यंत बसायचं, मंदी आली की पोटलंच येत नाही. 'घर सांभाळून चार पैसे मिळतात' असं या कामाचं कौतुक व्यापारी करतात आणि घरातले पुरुषही करतात. मला ते पटत नाही. साडीची किंमत ज्या झगमगाटामुळे वाढते तो या बायकांच्या डोळ्यांनी दिलेला आहे, आणि चाळिशीत त्यांचे डोळे आणि पाठ काय म्हणतात ते त्यांनीच मला सांगितलं. तरीही आजी म्हणाल्या ते खोडता येत नाही: "आठे हाताले काम शे." गावी तेही नव्हतं.

खोली, मेस आणि वेराबिल

इतकी माणसं राहतात कुठे आणि कशी, हे पाहिल्याशिवाय शेजाराबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

खानदेशी कुटुंबं इथे आली ती बहुतेक टिकण्यासाठी. ऐंशी-नव्वदच्या दशकांत शहराच्या कडेच्या गावांतली शेतं छोटे छोटे प्लॉट पाडून विकली गेली. कागद अर्धेमुर्धे असले तरी हप्त्याने पैसे घेणारा मालक भेटत होता. आधी पत्र्याची खोली, मग विटांची, मुलगा कमावता झाला की स्लॅब, त्याच्या लग्नाला वरचा मजला. २००६ च्या मोठ्या हद्दवाढीने शहर आणखी पसरलं आणि महानगरपालिकेच्या सोयी हळूहळू अशा वस्त्यांत आल्या. घरपट्टीच्या कागदाला इथे वेराबिल म्हणतात आणि तो कागद कपाटात दागिन्यांशेजारी ठेवलेला असतो. मालकीहक्काचे इतर कागद कच्चे असतील, पण पालिकेने आपल्याकडून कर घेतला म्हणजे आपण या शहरात आहोत, असा त्यामागचा विश्वास.

वरचा मजला झाला की तो भाड्याने जातो, आणि इथून वस्ती मिसळायला लागते. खाली शिरपूरचे घरमालक, वर बलियाचे चौघे, जिन्याखालच्या खोलीत पानाची टपरी चालवणारा. भाडं, वीज आणि पाणी यांवरून भांडणं होतात. पण अडीनडीला तेच भाडेकरू दवाखान्यात रात्र काढतात, असंही मला एकाहून जास्त घरांत सांगितलं.

ओडिशाच्या कारीगरांची तऱ्हा वेगळी. ते एकटे येतात, कुटुंब गावी. वेड रोड, कतारगाम, अंजना या लूमच्या भागांत त्यांच्या मेस आहेत: एका मोठ्या खोलीत साठ-सत्तर माणसं, कधी त्याहून जास्त. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन झोपतो. अंथरूण गार होत नाही. जेवण मेसवाल्याकडचं. डाळमा आणि भात, कारण गावची चव हा एकच आराम परवडतो. २०११ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या ४४ लाखांवर होती आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेसातशेच्या आसपास. हा आकडा वाचताना धक्का बसतो. मेसच्या दारात उभं राहिलं की तो समजतो. शहरातली कितीतरी माणसं आपल्या बायकामुलांपासून दूर राहतात.

त्यामुळे शेजार सगळ्यांना सारखा मिळत नाही. कुटुंब असलेल्याला ओटा आहे, नळ आहे, मुलांची शाळा आहे. मेसमधल्याला पाळी आणि झोप आहे. खानदेशी बायका त्या पोरांबद्दल मायेने बोलतात, पण त्यांच्या गल्लीतून सांजच्याला मुलींना एकटं पाठवत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

सात माध्यमांची पालिका

सुरतेची जी गोष्ट मराठी वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापायला हवी होती ती अशी: इथली नगर प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांतून शाळा चालवते. गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. परप्रांतातून आलेल्या मजुराच्या मुलाला त्याच्या भाषेत पहिलीचा धडा मिळावा म्हणून शहराच्या तिजोरीतून शिक्षकांचे पगार होतात. मुंबई महापालिकेलाही अशी परंपरा आहे. देशातल्या बाकी किती शहरांना ती सांगता येईल?

लिंबायतच्या बाजूच्या एका मराठी शाळेत मी दुपारच्या वर्गात बसले. भिंतीवर बाराखडी मराठीची, तिच्याशेजारी गुजरातीची. गुजरात पाठ्यपुस्तक मंडळ मराठी माध्यमाची पुस्तकं छापतं. त्यातला अभ्यासक्रम गुजरातचा, त्यामुळे या मुलांना सरदार सरोवर आणि सौराष्ट्र आधी कळतं, कोयना आणि कोकण नंतर. २०२३ मध्ये गुजरात विधानसभेने सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा करणारा कायदा केला. या शाळेत त्याने फरक पडला नाही, गुजराती आधीपासून होतीच. तिसरीतल्या एका मुलाची वही मी पाहिली. पुढच्या पानांवर मराठी, मागच्या पानांवर गुजराती. गुजरातीत शिरोरेघ नसते. घाईत त्याने मराठीचा अर्धा परिच्छेदही शिरोरेघेशिवाय लिहिला होता, आणि बाईंनी तांबड्या पेनाने त्यावर पट्टीने सरळ रेघ मारून दिली होती. शेरा काही नाही, फक्त रेघ.

मधल्या सुट्टीत बाई म्हणाल्या, "घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, शाळेत मराठी. पोरं चारही बोलतात. फक्त वाचायला काही नाही." वाचनालयाचं कपाट त्यांनी उघडून दाखवलं. खालच्या कप्प्यात जुनी क्रमिक पुस्तकं, वरच्या कप्प्यात थोड्याशा गोष्टी, पानं सुटलेली. शेजारच्या इमारतीत दुसऱ्या माध्यमाची शाळा भरते. मैदान दोघांचं एकच, आणि क्रिकेटच्या टीम माध्यमावर पडत नाहीत, कोणाकडे बॅट आहे यावर पडतात.

पालकांचा ओढा इथेही इंग्रजीकडे आहे, किंवा मग गुजरातीकडे, कारण नोकरी गुजरातेत करायची. मराठी शाळेत उरतात त्या कुटुंबांची मुलं ज्यांचं गावाशी जाणं-येणं चालू आहे किंवा ज्यांना फी परवडत नाही. दाखल्यांचा त्रास निराळा. जातीची यादी राज्यागणिक वेगळी, आणि स्थलांतर केलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला नव्या राज्यात आरक्षण मागता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केलं. नंदुरबारच्या बाजूने आलेल्या आदिवासी कुटुंबाचं सुरतेत जन्मलेलं मूल त्यामुळे मधल्या मध्ये अडकतं. महाराष्ट्रात आरक्षण आहे पण रहिवास नाही, गुजरातेत रहिवास आहे पण आरक्षण नाही. दोन्ही राज्यांच्या भाषणांत या मुलाचा उल्लेख मी ऐकलेला नाही.

मोजणीतही ही माणसं विखुरतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गुजरातेत मराठी मातृभाषा सांगणारे नऊ लाखांवर. मात्र अहिराणी सांगणाऱ्यांची नोंद 'खानदेशी' या वेगळ्या भाषेखाली जाते. राजकारणात त्यांचं वजन यापेक्षा ठळक दिसतं. लिंबायत ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येतं तिथून जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून निवडून येतात. २०१९ मध्ये देशातलं सर्वांत मोठं मताधिक्य त्यांचं होतं, आणि २०२४ पासून ते केंद्रात जलशक्ती मंत्री आहेत. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील २०१२ पासून आहेत. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत या एका मतदारसंघात ४४ उमेदवार उभे होते, राज्यात सर्वाधिक. ज्या गावात पाणी नव्हतं म्हणून बाप निघाला, त्या गावच्या पोराने परराज्यात आमदारकीचं स्वप्न बघावं, हे मला मनापासून आवडतं. या वजनातून धागा कापणाऱ्या वहिनींच्या नगाचा दर अजून वाढलेला नाही, हेही लिहायला हवं.

जिथे शिवण उसवते

सगळं गोड लिहून मला या वस्तीशी खोटं वागायचं नाही. डिसेंबर १९९२ मध्ये सुरतेत जे घडलं ते देशातल्या सर्वांत भीषण दंगलींपैकी होतं. लूमच्या आणि मजुरांच्या वस्त्यांनी ते पाहिलं. त्यानंतर माणसं हिंदू गल्ली, मुसलमान गल्ली बघून घर घ्यायला लागली. लिंबायतच्या बऱ्याच भागाला अशांत धारा लागू आहे. १९९१ च्या या कायद्याने, नेमलेल्या भागात घर विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. घाबरलेल्या माणसाला मातीमोलाने घर विकावं लागू नये हा मूळ हेतू. आज व्यवहारात त्याचा परिणाम असा की वेगळ्या धर्माच्या माणसाला शेजारी घर घेणं जवळजवळ अशक्य होतं. साडीच्या वाटेवर मात्र मुसलमान कारीगर, भरतकामाचं यंत्र चालवणारे, टेम्पोवाले सगळीकडे आहेत. खानदेशातून आलेली मुसलमान कुटुंबंही आहेत, आणि त्यांच्या घरातली म्हातारी माझ्याशी अहिराणी वळणाच्या बोलीत बोलली. धंद्यात माणसं एकमेकांना धरून आहेत. राहत्या गल्ल्या दूर झाल्या आहेत. कायद्याने माणसाचं घर वाचवावं, पण शेजार ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी उसवण रोगाची. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने काही दिवसांत लाखो माणसं सुरत सोडून गेली. वेड रोडच्या मजूर वस्तीत मृत्यू झाले आणि ताप्तीच्या गाड्या माणसांनी लटकलेल्या निघाल्या. आजींना ती रात्र आठवते. गावी पोचल्यावर भाऊबंदांनीच दोन दिवस वेशीबाहेरच्या खळ्यात ठेवलं. मग १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवून त्यांनी शहर घासून काढलं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर देशात पहिला क्रमांक वाटून घेतला. त्या स्वच्छतेचा हिस्सा लिंबायतला उशिरा आणि तुटपुंजा मिळाला. वस्तीलगतच्या मिठी खाडीला पूर आला की आजही खालच्या गल्ल्यांत गुडघ्याएवढं पाणी चढतं, आणि वहिनी साड्यांची पोटली आधी माळ्यावर टाकतात, मग धान्य. साड्या परक्याच्या आहेत, भिजल्या तर भरून द्याव्या लागतात.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी लांबली तेव्हा पगार आणि गावी जाण्याची सोय मागत ओडिशाचे कारीगर रस्त्यावर उतरले. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या. खानदेशी लोक महामार्गाने नवापूरच्या दिशेने निघाले, कोणी मोटारसायकलवर तिघे, कोणी पायी. गल्लीत कोण थांबलं, कोणी कोणाला पीठ दिलं, कोणाचं भाडं माफ झालं आणि कोणाचं सामान जिन्यावर फेकलं गेलं, या याद्या लोकांना अजून पाठ आहेत. एका घरमालकाने गेलेल्या भाडेकरूंची ट्रंक आणि शेगडी आठ महिने सांभाळली होती. ते परत आले. आजही तिथेच राहतात.

कानबाईचा रविवार

श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार हा खानदेशी सुरतेचा मोठा दिवस. कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, शेला घालून चौरंगावर मांडतात, आणि रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या संख्येने सव्वा-सव्वाच्या मापाने गहू मोजून दळतात. एका भाऊबंदकीची कानबाई एकाच घरी, म्हणून त्या दिवशी पांगलेले चुलते-पुतणे एकत्र येतात. गावातलं भांडण असेल तर ते या दिवसापुरतं बाजूला. रोट फक्त कुळाने खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, असा दंडक आहे आणि सुरतेतही तो पाळला जातो.

मला आधी हे खटकलं. मिसळलेल्या वस्तीत असा बंद ताटाचा सण? पण सोमवारी सकाळचं विसर्जन बघितल्यावर चित्र पुरतं झालं. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका, पुढे ढोल, मध्ये फुगड्या, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर सगळी गल्ली. तेलुगू बाईंनी दारात पाण्याने शिंपण केलं होतं. जौनपूरच्या सुनेने ओटी भरली. वरच्या मजल्यावरचे बलियाचे पोरगे ट्रॅफिक थांबवत होते. याच बायका पुढे कार्तिकात छठपूजेच्या सुपाला हात लावतात, नवरात्रात गरबा खेळतात आणि दसऱ्याच्या आधी तेलुगू शेजारणीच्या फुलांच्या बतुकम्माभोवती टाळी देतात. आपलं राखून दुसऱ्याच्या दारात उभं राहता येतं, हे या गल्लीला कोणी शिकवलेलं नाही. कानबाई तापीत शिरते, आणि ही नदी भुसावळच्या बाजूने खानदेश ओलांडून इथे आलेली आहे, हे बायका एकमेकींना आवर्जून सांगतात.

जाणार असाल तर

सुरतेला साड्या घ्यायला जाणारे वाचक पुष्कळ असतील. रिंग रोडवरून लिंबायत रिक्षाने जवळ आहे. सकाळी लोचो खा, वरून शेव आणि बटर घालून, तो सुरतेचाच. दुपारी एखाद्या खानदेशी खाणावळीत शेवभाजी किंवा वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मागा. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा. लोकांच्या घरात कॅमेरा घेऊन शिरू नका, विचारलं तर बायका आपणहून बसायला सांगतात. साडी विकत घेताना ती उलटून बघा. फुलांमधले दोरे सफाईने छाटलेले असतील तर ते कोणाच्या तरी ओट्यावर हाताने झालं आहे. व्यापाऱ्याला विचारा की त्या कामाचे नगामागे किती दिले. प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक वाढलं तर उत्तर कधीतरी द्यावं लागेल.

आणि एक विनंती या अंकाच्या वाचकांना खास आहे. आपल्या घरी मुलांची वाचून झालेली मराठी गोष्टीची पुस्तकं असतात, किशोर मासिकाचे जुने अंक असतात, आणि दिवाळी संपली की हे अंकही रद्दीत जातात. सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांत वाचनालयाची कपाटं जवळजवळ रिकामी आहेत. जळगाव, अमळनेर, नंदुरबारच्या वाचनालयांनी आणि शाळांनी एकेक शाळा वाटून घेतली तर पुस्तकं पोचवायला ट्रक लागणार नाही, सुरतेला जाणारं माणूस प्रत्येक गल्लीत आहे. नवी पुस्तकं पाठवलीत तर उत्तमच. पण पाठवा, आणि लहान मुलांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरातली पाठवा.